गोणीच्या पोटातली तीस पानं

चार वर्षांपूर्वी मी बरीच लहान होते. चौसष्ट वर्षांची. गुडघे तेव्हाही वाजायचे, पण डोक्यात वारं शिरलेलं होतं. त्या वाऱ्याच्या भरात मी एक पुस्तक लिहिलं, एका बाईशी खोटं बोलले आणि दुसऱ्या बाईची सही घ्यायला पेणहून रोह्याला निघाले. आज त्या चौसष्ट वर्षांच्या पोरीकडे बघितलं की तिचा कान धरून तिला एसटीतून खाली उतरवावंसं वाटतं.

पुस्तक म्हणजे आमच्या घराच्या आठवणी. मी ते वह्यांमध्ये लिहिलं आणि कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतलं. त्या माणसाचा सगळा जन्म प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात गेलेला, त्याने सवयीने दर पानाखाली सहीला जागा सोडली. मला वाटलं, साहित्यात तशी पद्धत असेल. मी दोनशे चाळीस पानांवर सह्या केल्या.

लेक म्हणाली, आई, हल्ली लिटररी एजंट असतात, त्यांना पाठव. पेणमध्ये एजंट म्हटला की दोनच प्रकार, एक विम्याचा आणि दुसरा जमिनीचा. आमचे हे डोलवीच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट करून घरी बसलेले, त्यांना हा तिसरा प्रकार काही पटेना. म्हणाले, पुस्तकाचा सातबारा बघणार का ती बाई? मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळतंय. बाई अगदी तेच बघणार होती, हे मला नंतर कळलं.

त्या एजंटबाई मुंबईच्या. काय पाठवायचं ते त्यांनी त्यांच्या वेबसाइटवर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. पहिली तीस पानं, गोष्टीचा एकपानी सारांश शेवटासकट, स्वतःविषयी चार ओळी, आणि कृपया फोन करू नये. एवढंच. तिसरीतल्या मुलीला जमलं असतं. मी काय केलं ते ऐका.

स्वतःविषयी चार ओळींऐवजी चार पानं लिहिली. त्यात महिला मंडळाच्या निबंध स्पर्धेतलं दुसरं बक्षीस होतं आणि पहिलं बक्षीस वशिल्याने कुणाला गेलं तेही होतं. सारांशात शेवट गाळला आणि खाली लिहिलं, 'पुढे काय झाले ते सुज्ञ वाचकांनी पुस्तकातच वाचावे.' आणि पहिली तीस पानं पाठवलीच नाहीत. पाठवली ती एकशे बारा ते एकशे एकेचाळीस.

हा बावळटपणा खरा, पण त्याला आमच्या घरचं वळण होतं. माझ्या सासऱ्यांचा रोह्यात भाताचा व्यापार. विकायला आलेल्या गोणीचं तोंड ते कधी उघडून बघायचे नाहीत. तोंडाशी सगळेच चांगलं भात घालतात, म्हणायचे. टोकदार लोखंडी नळी गोणीच्या पोटात खुपसायची, नळीतून येतील ते दाणे तळहातावर घ्यायचे, दोन दाताखाली फोडायचे आणि मग बोलायचं. आपला माल विकतानाही ते स्वतः पोटातला नमुना काढून पुढे धरायचे. तोंडचा नमुना दाखवणारा लबाड, एवढं मी त्या घरात शिकले होते. तेव्हा मी एजंटबाईंना इमानदारीने पुस्तकाच्या पोटात नळी खुपसून दिली. पोटात नेमकी माझी थोरली जाऊ होती.

थोरलीबद्दल आधी सांगते. हे सगळं मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. कुणाचं नाव मात्र घालायचं नाही असं तिने बजावलंय.

थोरलीला लिहिता-वाचता येत नाही. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात तिने मला माजघरात ओढलं आणि भावाचं पत्र पुढे धरलं. चष्मा सापडत नाय, म्हणाली. चष्मा तिला नव्हताच. मी वाचून दाखवलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, धाकटे, हे आपल्या दोघींत. तेव्हापासून ते दोघींत होतं. तिच्या नवऱ्याला, माझ्या थोरल्या दिरांनासुद्धा, ते जाईपर्यंत पुरतं माहीत नव्हतं. बायका पेपर वाचत नाहीत एवढीच त्यांची समजूत. सुपात तांदळाचं पीठ पसरून मी तिला बोटाने सही गिरवायला शिकवली. सही आली, पुढची अक्षरं शिकायला ती काही बसली नाही. एवढ्यावर माझं भागंल, म्हणाली.

आणि भागवलं तिने. गोळ्या रंगावरून ओळखायची, लग्नपत्रिका वरच्या चित्रावरून. स्टँडवर गाडीची पाटी वाचायच्या ऐवजी ड्रायव्हरला दरडावून विचारायची, आज उशीर का झाला? मग तो आपणहून सांगायचा, गाडी कुठची आणि किती वाजताची. मुलाचा अभ्यास तर असा घ्यायची की बघणारा चकित होईल. मोठ्यानं वाच, मी उच्चार बघते. पोरगा जिथे अडखळेल तिथे हिची टपली. अडखळलेलं वाक्य बरोबर होतं की चूक, हे हिला कळायचं नाही. अडखळला एवढं कळायचं. तो पोरगा पुढे इंजिनिअर झाला.

त्याने बायको आणली ती प्राथमिक शिक्षिका. थोरली त्या दिवसापासून जास्तच जपून राहायला लागली. मग एका वर्षी शिक्षकांना काम आलं, घरोघर फिरून निरक्षर माणसांची यादी करायची. सून घरी येऊन पाय चेपत कुरकुरायची की आमच्या वॉर्डात एकही माणूस सापडत नाही. थोरलीने तिला चहा दिला आणि म्हणाली, आता कुठं सापडायची तसली माणसं. हे मला तिने फोनवर सांगितलं तेव्हा हसत होती. मी पण हसले. फोन ठेवल्यावर मी वही उघडली.

ते सगळं मी पुस्तकात घातलं होतं. आणि वर साहित्यिक व्हायची हौस, म्हणून ती प्रकरणं मी थोरलीच्या तोंडून लिहिली. 'मी'. मला वाचता येत नाही, मी सुनेला चहा दिला. किती जिवंत झालंय, असं मी आरशात बघून म्हणाले होते. थोरलीला विचारलं नव्हतं. ते लक्षातच आलं नाही माझ्या.

पंचविसेक दिवसांनी फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात हातात मुळ्याची जुडी घेऊन उभी होते. मागे रिक्षा, पुढे भाजीवालीचा आरडाओरडा, आणि कानात एजंटबाईंचा शांत आवाज. आधी त्यांनी विचारलं, पहिली पानं मागितली होती, ही एकशे बारापासून का? मी गोणीचं सांगितलं. त्या हसल्या असाव्यात. म्हणाल्या, दुकानात उभा राहून माणूस पहिलंच पान उघडतो, त्याला एकशे बारापर्यंत थांबा म्हणायला मी तिथे नसते. मग पहिल्या एकशे अकरा पानांत काय आहे, असं विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, घराण्याचा इतिहास आणि निसर्ग. निसर्ग किती? अकरा पानं.

शेवट का लपवला म्हणूनही बोलणी खाल्ली. म्हणाल्या, मी तुमची वाचक नाही, तुमच्या बाजूने भांडणारी आहे. आपल्या वकिलापासून कुणी लपवतं का? मग आवाज थोडा खाली आला.

"या तीस पानांतल्या बाई. त्या बोलायला लागल्या की मला थांबता आलं नाही. असा आवाज मला वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. या तुम्हीच ना?"

भाजीवाली मुळ्याचं काय ते बोला म्हणत होती. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. ती चौसष्ट वर्षांची पोरगी म्हणाली, "हो."

"मग लिहायला कधी शिकलात?"

"पन्नाशीनंतर," मी म्हटलं. एकदा पाय घसरला की पुढची उडी आपणच मारतो. वर हेही जोडलं की स्वतःच्या मुलाच्या जुन्या पुस्तकांवरून शिकले.

एजंटबाई खूश झाल्या. वाचता न येणारी बाई पन्नाशीनंतर शिकते आणि चौसष्टाव्या वर्षी पुस्तक लिहिते, हे पुस्तक मी उद्या चार ठिकाणी नेऊ शकते, म्हणाल्या. मग कामाचं बोलल्या. पुस्तकात ओळखू येतील अशी कुणी जिवंत माणसं आहेत का? मी म्हटलं, एक जाऊ आहे. त्या म्हणाल्या, त्यांची लेखी संमती लागेल, मी नमुना पाठवते. प्रकाशक माझ्या शब्दावर हस्तलिखित उघडतात. उद्या कुणी उठून म्हणालं की यात खोटं आहे, तर तुमचं एक पुस्तक जाईल, माझा शब्द कायमचा जाईल. पंधरा दिवस आहेत.

मुळ्याची जुडी तिथेच विसरून मी घरी आले.

कागद आला. झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. मजकूर दोनच ओळींचा: 'या पुस्तकातील माझ्याविषयीचा मजकूर मी वाचला आहे व मला समजला आहे. तो प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही.' खाली सही. मी तो आठ दिवस कपाटात ठेवला. रोज काढून बघायचे. सही मिळवणं जगात सगळ्यात सोपं होतं. बँकेचे, गॅसचे, जमिनीच्या वाटणीचे असे कितीतरी कागद मी थोरलीपुढे धरले होते आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं की यात काय आहे. कुठं करू, एवढंच विचारायची. मी बोट ठेवायचे, ती करायची. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की ही काय चीज माझ्या हातात आहे, आणि कळूनसुद्धा मी शनिवारची सकाळची गाडी धरली.

गाडीत मी पाठ करत होते. वडखळला ठरलं की सांगायचंच नाही, पुस्तक कोण वाचतंय रोह्यात. नागोठण्याला ठरलं की अर्धं सांगायचं. पुढे रस्त्याचं काम, गाडी खड्ड्यांतून आपटत चाललेली. खांब आलं तेव्हा बाजूच्या बाईने विचारलं, मावशी, बरं वाटत नाय काय? मी पिशवी पोटाशी इतकी घट्ट धरली होती. पिशवीत तीस पानं, तो कागद आणि थोरलीला आवडतात म्हणून पोह्याचे पापड. लाच म्हणा हवं तर.

थोरली पडवीत वाल सोलत बसली होती. बिरड्याचे, मोड आलेले, परातीत पाण्यात टाकलेले. मला बघून म्हणाली, आज कुठं गो वाट चुकलीस? मी पण बसले सोलायला. सून शनिवारच्या सकाळच्या शाळेत, बाराच्या सुमाराला येणार. मुलगा कामावर. घरात आम्ही दोघीच होतो आणि माझ्याकडे तासभर होता. त्यातला पाऊण तास मी पेणमधल्या भाज्यांच्या भावाबद्दल बोलले.

मग पिशवीतून कागद काढला. म्हटलं, वयनी, जरा एक सही हवी होती.

तिने ओले हात पदराला पुसले. दोन्ही बाजूंनी नीट पुसले, कागद खराब होऊ नये म्हणून. पेन घेतलं.

"कुठं करू?"

मी बोट ठेवलं. एरवी लगेच उचलायचे, आज ते तिथेच राहिलं. तिने माझ्या बोटाकडे बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडे. तेवढ्यात फाटक वाजलं. सून पंधरा मिनिटं आधी आली होती.

काकी कधी आलात, बसा, जेवूनच जा, असं म्हणत ती पायऱ्या चढली आणि तिची नजर कागदावर गेली. मास्तरणीची नजर ती. कसला कागद? मी म्हटलं, बँकेचा. मघापासून मी खोटं बोलायचं टाळत होते, ते असं आयतं तोंडातून पडलं. सून म्हणाली, द्या इकडे, मी वाचते आधी, आजकाल कोण कशावर सह्या घेईल सांगता येत नाही. हात पुढे केला.

मी कागद सोडला नाही. अर्धा तिच्या हातात, अर्धा माझ्या. दोघी हसत होतो आणि कागद ताणला जात होता.

"तू पाय धू आधी," थोरली सुनेला म्हणाली. "चहा टाक. काकीला घाई नाय."

सून आत गेली. न्हाणीत पाण्याचा आवाज सुरू झाला. थोरलीने पेन खाली ठेवलं.

"धाकटे, काय हाय त्यात?"

मी सांगायला लागले की मी एक पुस्तक लिहिलंय, त्यात जरासं.

"माझं हाय?"

मी मान हलवली. तिने परातीतला एक वाल उचलला, अंगठ्याने साल काढली, दाणा बाजूला टाकला. अक्षरं येत नसल्यामुळे ती आयुष्यभर माणसांची तोंडं वाचत आली होती. माझं तोंड तर तिला पाठ होतं.

"वाच."

"आत्ता? ती घरात आहे."

"हळू वाच."

मी वाचलं. आत भांड्यांचा आवाज होता, मध्येच थांबायचा, तेव्हा मीही थांबायचे. भावाचं पत्र, सुपातलं पीठ, स्टँडवरचा ड्रायव्हर. थोरली सोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. ड्रायव्हरच्या ठिकाणी हसली. मला वाटलं, झालं, जमलं. मग सही पहिल्यांदा आली त्या दिवसाचं पान आलं. त्यात मी लिहिलं होतं की ती तुळशीमागे जाऊन रडली. तिने हात वर केला.

"मी रडले नव्हते. घुगऱ्या खात होते."

मी म्हटलं, वयनी, ते जरा वाचकाला लागावं म्हणून. ती म्हणाली, मग तू रड. माझ्या नावावर कशाला?

पुढे चहाचं पान. सुनेची यादी. मी आवाज इतका खाली नेला की मलाच नीट ऐकू येईना. थोरलीचे हात थांबले. आत सून गुणगुणत होती, पातेल्यात साखर पडली. तिला आत ऐकू गेलं असेल का, हे आम्ही दोघी त्या क्षणी मोजत होतो. गुणगुणणं चालू राहिलं.

वाचून संपल्यावर तिने वालाची सालं एका बाजूला ओढली. मग विचारलं, त्या मुंबईवाल्या बाईला हे आवडलं? मी म्हटलं, हेच आवडलं, बाकी काही नाही. मग विचारलं, तिला सांगितलंस ना की ही माझी जाऊ म्हणून?

उत्तर द्यायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिला उत्तर मिळालं होतं. तरी मी सांगितलं. ती बाई मीच असं म्हणाले, पन्नाशीनंतर शिकले म्हणाले. मुलाच्या पुस्तकांवरून, तेही सांगितलं.

"तुला लिवता येतं, वाचता येतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "न येणं तेवढं माझं होतं. ते पण घेतलंस."

मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत, सासूची, शाळेतल्या हेडबाईंची, ह्यांची. त्यांतलं एकही मला आज शब्दशः आठवत नाही. हे आठवतं.

"लाव तिला फोन," थोरली म्हणाली.

मी म्हटलं, पेणला गेल्यावर करीन, निवांत बोलता येईल. ती नुसती बघत राहिली. मी फोन लावला. तो मोठ्या आवाजावर टाकायलाही तिनेच लावलं. तू काय बोलतेस ते ऐकू दे, म्हणाली. मनातून मी देवाला विनवत होते की बाईंनी उचलू नये. दुसऱ्याच रिंगला उचलला.

मी सुरुवात केली ती आजूबाजूने. नमस्कार, तुमचा कागद मिळाला, रोह्याला आले आहे. थोरलीने परातीवर बोट वाजवलं. मग म्हटलं, मॅडम, मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं होतं. त्या पानांतली बाई मी नाही. मला लहानपणापासून वाचता येतं.

एजंटबाईंनी एकच विचारलं.

"मग कोण आहे?"

तेव्हा दारात सून उभी होती. हातात चहाचं ताट, तीन कप. किती वेळ उभी होती माहीत नाही, पण हा प्रश्न तिने ऐकला होता आणि आता ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, अगदी सहज, कुणाची तरी गोष्ट चालली आहे म्हणून. मी तोंड उघडलं. खरं बोलायचं तर थोरलीचं जन्माचं झाकलेलं मीच उघडं करायचं, तिच्या सुनेसमोर. खोटं बोलायचं तर थोरलीसमोर. फोनमधून बाई म्हणाल्या, हॅलो, ऐकू येतंय का?

थोरली फोनकडे वाकली.

"मी हाय ती," ती म्हणाली. "मला वाचता येत नाय."

हे तिने फोनला सांगितलं, पण बघत होती दाराकडे.

ताटातले कप एकमेकांवर वाजले. सुनेने ताट जिथे होती तिथेच, उंबऱ्यावर ठेवलं. एजंटबाईंचा आवाज बदलला, बाजारातल्या दिवशीची ऊब त्यात नव्हती. मला म्हणाल्या, तुम्ही मला जे सांगितलं होतं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, हे तुमचं नशीब. हस्तलिखितात कच्चं काय, लांबट काय, ते मी दुरुस्त करून घेऊ शकते. सांगणाऱ्यावर भरवसा नसला तर मी काहीच करू शकत नाही. मी हो हो म्हणत होते. मग त्यांनी थोरलीला आजी म्हणून हाक मारली आणि विचारलं, तुम्हाला हे छापलेलं चालेल का?

"रडायचं पान चालणार नाय," थोरली म्हणाली. "आणि मी म्हणून हिनं बोलायचं नाय. हिनं हिचं बोलावं."

एजंटबाई म्हणाल्या, मलाही तेच हवंय. वाचता न येणारी बाई एक, आणि तिच्यासाठी वाचणारी, झाकून ठेवणारी आणि शेवटी तिचं चोरणारी बाई दुसरी. हे त्या दुसरीने लिहिलेलं असेल तर मी वाचीन. वचन देत नाही. आणि या वेळी पहिल्या पानापासून, मॅडम. फोन बंद झाला.

पडवीत आम्ही तिघी. सून खाली बसली, परातीजवळ. तिचे डोळे कोरडे होते आणि कान लाल. मला वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने एक वाल उचलला आणि सोलायला लागली. दोन-चार सोलून झाल्यावर म्हणाली, "आई, मी लेखी दिलंय. आमच्या वॉर्डात एकही नाही म्हणून."

"मग तू पण खोटं लिवलंस," थोरली म्हणाली.

सून हसली नाही. पण हात पुढे करून तिने माझ्या मांडीवरचा तो कागद घेतला, आणि या वेळी मी सोडला. तिने तो मोठ्याने वाचला, वर्गात वाचावा तसा, दर शब्द सुटा. 'माझ्याविषयीचा मजकूर मी वाचला आहे' इथे ती थांबली. थोरलीने विचारलं, थांबलीस का? सून म्हणाली, आई, वाचला आहे असं लिहिलंय.

"ते खोटं हाय. खोड ते."

सुनेने पर्समधून लाल पेन काढलं, मग विचार करून ते परत ठेवलं आणि माझं निळं घेतलं. 'वाचला' खोडून वर 'ऐकला' लिहिलं. म्हणाली, खाडाखोडीशेजारी पण सही लागते, नाहीतर कागद चालत नाही. थोरलीने पुन्हा हात पुसले. खाडाखोडीशेजारी एक सही केली, छोट्या जागेत मावेना म्हणून शेवटचं अक्षर खाली वळवलं. मग खाली दुसरी. दोन्ही वेळा तिला जागा सुनेने दाखवली.

मी कागद घ्यायला हात केला. थोरलीने तो घडी करून सुनेच्या हातात दिला.

"हिच्याकडं राहू दे. तू नवीन लिव. लिवलंस की हिला आणून दे. ही मला वाचून दाखवंल. मग न्यायचा कागद."

मी म्हटलं, वयनी, मी येऊन वाचीन की. नेहमीसारखं.

"नको," ती म्हणाली. "तू लिवणार, तूच वाचणार, मग मला काय कळायचं तू काय गाळलंस?"

बोलण्यात राग नव्हता. जेवायला तिने मला आग्रह केला, बिरडं वाढलं, पापड भाजायला लावले आणि चांगले झालेत म्हणाली. जेवण झाल्यावर पोस्टातून आलेलं एक पाकीट फळीवर पडलेलं मला दिसलं, पेन्शनचं असावं. एरवी मी रोह्याला आले की अशी पाकिटं ती माझ्यापुढे आणून ठेवायची. मी वाट बघितली. तिने ते फळीवरून काढलं आणि सुनेला हाक मारली.